आधी पडणारी भिंत

मंडळी, एक कारागीर म्हणतो, "माझ्या कामाला काही म्हणजे काही होणार नाही." दुसरा म्हणतो, "माझ्या कामातलं अमुक अमुक मोडेल." तुम्ही कुणावर भरवसा टाकाल? घाई नको, आधी गोष्ट ऐका.

खूप खूप जुन्या काळी, एका डोंगरी राज्यात तोफांची दारू कुटणाऱ्या चाळीस बाया होत्या. शेजारीच दारूचं दगडी कोठार. थंडीत दगड असा गारठायचा की दारूला ओल धरायची. मग कोठाराला लागून शेगड्या पेटवायच्या. आता बोला! दारूच्या अंगाला विस्तव! लाकडांच्या गाड्याच्या गाड्या जळायच्या आणि बाया जीव मुठीत धरून बसायच्या.

राजाने दवंडी पिटवली, "असं कोठार बांधा की शेगडी लागू नये, आणि फुटलंच तर शेजारची बाई वाचावी."

दोघं आले. एक दरबारचा पाथरवट. तो म्हणाला, "सहा हात जाड दगड, वर दगडी छत. ओरखडा उठणार नाही, महाराज!"

दुसरी धान्याच्या कणग्या लिंपणारी बाई. तिची धाकटी बहीण त्या चाळिसांतच होती. ती म्हणाली, "मी दोन भिंती घालीन. मधे हातभर जागा, तिच्यात चुन्यात मळलेला भुसा आणि राख. बाहेरची थंडी आत येत नाही, दारू कोरडी राहते. पण पेटली तर आतली भिंत पडेल, भुसा चेपेल, गवताचं छप्पर उडेल. तेवढं पुन्हा बांधावं लागेल."

पाथरवट खो खो हसला. "अगं पोरी, पडणारी भिंत विकायला आलीस? उद्या गळकी घागर आणशील!"

"काका, दारूचा जोर कुठंतरी जाणारच. मी त्याला वर वाट ठेवलीय. तुम्ही कुठं ठेवलीय?"



राजाने माळावर दोन्ही खोल्या बांधवल्या. थंडी सरेपर्यंत दगडी खोलीला रोज गाडीभर लाकूड लागलं, कणगीवालीच्या खोलीला एक काटकीही नाही! मग दोन्हींत सारखी दारू भरली. बहीण म्हणाली, "ताई, मी बसते तुझ्या भिंतीमागे."

"वेडी की काय! आधी मडकी बसू देत."

भिंतींमागे पाण्याची मडकी मांडली. वाती पेटल्या. सगळं गाव कानांत बोटं घालून उभं!

धडाम्! दगडी छताने जोर कोंडला आणि भिंतच फोडून तो बाहेर आला. धोंडे उडाले, मडक्यांच्या खापऱ्या झाल्या. दुसरीकडे छप्पर पतंगासारखं वर गेलं, आतली भिंत बसली, भुसा चेपला. बाहेरची भिंत मात्र उभी! मडकी काठोकाठ भरलेली!

पाथरवटाने धूळ झटकली. "पोरी, भुशात राख किती घालायची?" तिने माप सांगितलं. दोघांनी मिळून नवं कोठार बांधलं.

तिसऱ्या वर्षी त्याच्यावर वीज पडली आणि आतली दारू खरोखरच पेटली. धुरातून बाया खोकत बाहेर आल्या, एकमेकींना मोजू लागल्या. अडतीस, एकोणचाळीस... आणि केसांत भुसा घेऊन धाकटी बहीण. चाळीस!

बोध एवढाच: आपल्या कामात काय मोडेल हे जो आधी सांगतो, त्याच्याच भिंतीआड निर्धास्त बसावं.

आणि मंडळी, एक विनंती. तुम्हीही आपल्या कामाचा हिशेब चोख ठेवा. काय टिकेल ते लिहाल, त्याच शाईने काय पडेल तेही लिहा.