पालखीपुरतं बोलणं

करवंदगडच्या भुजंगराव महाराजांनी आपल्या भोयांना एकमेकांशी बोलायला बंदी केली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्याच खांद्यावरून घाट चढायचं ठरवलं.

झालं होतं असं. पालखीच्या चार भोयांपैकी धाकलूचा खांदा सुजला होता. तो बरा होईपर्यंत विसावा मिळावा आणि घरचा दाणागोटा चालू राहावा, एवढं मागायला तो एकटाच दरबारात गेला. महाराज म्हणाले, "जमत नसेल तर घरी बस. खांदे पुष्कळ मिळतात."

दुसऱ्या दिवशी तेच मागायला चौघे मिळून गेले. दिवाणजी महाराजांच्या कानाशी लागले, की हा जमाव आहे आणि जमाव वाईट. महाराज उखडलेच.

"यापुढे भोयांनी आपसात अवाक्षर काढायचं नाही. ज्याला काही हवं, त्याने एकट्याने यावं आणि एकट्यापुरतं मागावं. उद्या मला घाटावरच्या देवीला न्या. वाटेत एक जरी हिसका बसला, तरी चौघांची बिऱ्हाडं गडाबाहेर!"

धाकलूची मुलगी येसू पालखीबरोबर पाण्याची घागर घेऊन चालायची. ती काही भोई नव्हती, म्हणून तिला बंदी नव्हती. संध्याकाळी ती घरोघर गेली आणि प्रत्येकाला एवढंच म्हणाली, "हुकूम पाळायचा. अगदी तंतोतंत."

सकाळी पालखी निघाली. एरवी पुढचा भोई दगड, खड्डा, वळण ओरडून सांगतो, कारण मागच्याला पालखीपलीकडचं काही दिसत नाही. आज पुढचा कोंडाजी खड्डा टाळून मुकाट्याने पुढे गेला. मागचा राघू मुकाट्याने खड्ड्यात गेला. पालखी कलली आणि महाराजांच्या डोक्यावरचा मंदिल दरीत पडला.

"खड्डा होता तर सांगितलं का नाहीस?"

"आपसात बोलायची बंदी हाय, महाराज," कोंडाजी म्हणाला.

"मग चूक कुणाची?"

येसूने घागर खाली ठेवली. "एकेकट्याला विचारावं, महाराज. हुकूम तसाच हाय."

महाराजांनी एकेकट्याला विचारलं. कोंडाजीने खड्डा टाळला होता. राघूला तो दिसलाच नव्हता. बाकीचे दोघे आपल्या वाटेने सरळ चालले होते. चौघेही बरोबर होते. फक्त पालखी वाकडी होती.

महाराज तणतणत उतरले आणि पायी निघाले. पहिल्याच चढावरून ते परत आले व पुन्हा पालखीत बसले. मग त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं. "कोंडाजी, हे तुला एकट्याला. या तिघांचं सोड, तू मला घेऊन चल."

कोंडाजीला कडं फार आवडलं. त्याने मनापासून जोर लावून आपल्या बाजूने दांडी उचलली. महाराज घरंगळत मागच्या टोकाला गेले.

"माझ्याच्यानं एवढंच होतंय," म्हणत त्याने कडं परत दिलं.

ऊन चढलं होतं, खाली दरी होती. महाराज घायकुतीला आले. "अरे, मग बोला आपसात! पण पालखीपुरतं बोला."

"काल ते पालखीपुरतंच बोलायला आले होते," येसू म्हणाली. "बाबांचा खांदा पालखीखालीच सुजलाय. एकटा बोलला, तर तुम्ही म्हणता खांदे पुष्कळ हायेत. चौघं बोलले, तर म्हणता जमाव हाय. मग महाराज, पालखीनं बोलायचं तरी कुणाच्या तोंडानं?"

महाराजांनी दरीकडे पाहिलं, येसूकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटले. हसता हसताच त्यांनी हुकूम फिरवला. धाकलूला खांदा बरा होईपर्यंत विसावा, दाणागोटा चालू, आणि यापुढे भोयांचं जे काही असेल ते चौघांनी मिळून सांगावं. कडं येसूला मिळालं.

"पण महाराज, आत्ता धाकलूच्या जागी कोण?" पालखीमागून चालत आलेल्या दिवाणजींनी काळजीने विचारलं.

"तुम्हीच. खांदे पुष्कळ मिळतात म्हणे."

पालखी उचलली गेली. महाराजांचं हसू काही थांबेना, आणि दर हसण्याला दांडी गदगदत होती. थोड्या वेळाने मागून दिवाणजींचा बारीक आवाज आला, "आम्ही चौघे मिळून सांगतो महाराज, जरा हळू हसा."