वाकळीच्या मधोमध

“मग मधोमध काय घालू, ते तरी सांगा!”

यामिनीने हे तिसऱ्यांदा विचारलं. तान्हूआई सुईत दोरा ओवत होती.

घाटमाथ्यावरच्या देवळाच्या ओसरीवर ही म्हातारी गेली चाळीस वर्षं बसलेली आहे. लोक जुने कपडे आणून देतात, ती त्यांच्या वाकळी शिवते. घाट चढून आलेला वाटसरू संध्याकाळी त्यातली एक उचलतो, अंगावर घेतो, सकाळी घडी करून ठेवतो आणि चालू लागतो. ती कुणाचं नाव विचारत नाही.

यामिनी तिची शिष्या. वीस वर्षांपूर्वी दोन महिने याच ओसरीवर बसून तिने हात बसवला, आणि मग गेली ती गेलीच. आता तिच्या गोधड्या मोठमोठ्या कलादालनांत भिंतीवर टांगतात. खाली पाटी असते, ‘हात लावू नये’. गोधडीला हात लावू नये! असो.

आज ती परत आली होती आणि ओसरीभर तिने आपली वाकळ पसरली होती. सात वर्षं चाललेलं काम. चारी बाजू टाक्यांनी भरून गेल्या होत्या. मधोमध मात्र चार हात लांब-रुंद कोरा मांजरपाट.

“पुढच्या आठवड्यात अरुणाचलला निघतेय,” ती म्हणाली. “तिथं काही सुचलं तर ठीक. नाही सुचलं तर सुई कायमची ठेवून देणार. दोन वर्षं झाली आई, या मांजरपाटावर माझा एक टाका पडलेला नाही.”

ती नाटक करत नव्हती.

तान्हूआईने सुई पदराला टोचली आणि ती वाकळीच्या कडेकडेने रांगत निघाली. बोटांनी चाचपत.

“हे काय?”

“बर्फ. स्पितीचं. अकरा पांढऱ्या छटा आहेत त्यात.”

“थंडी वाजली का गं?”

“हाडं गोठली.”

“मंग?”

“मग... चित्र काढलं.”

म्हातारी पुढं सरकली.

“आन् हे?”

“कच्छचं रण. मिठाला भेगा पडतात ना, त्या.”

“हे हिरवं?”

“खारफुटी. तिची मुळं चिखलातून वर डोकं काढतात. म्हणून दोऱ्याची टोकं मी वर सोडलीत.”

“लई झ्याक,” म्हातारी मनापासून म्हणाली. घाटापलीकडचं तिला काही ठाऊक नव्हतं, पण टाका कळत होता. यामिनीचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला. दालनातल्या टाळ्यांनी तो असा कधी फुलत नसे.

“संगं कोन व्हतं?”

“कुणी नाही. मी एकटीच जाते. एकटं असल्याशिवाय दिसत नाही, आई.”

“काय दिसत न्हाई?”

या प्रश्नाचं उत्तर यामिनीकडे तयार असतं. मुलाखतीत ती ते न अडखळता देते. आज तिने तोंड उघडलं...

आणि मिटलं.

“गिरीश गेल्यापासून घरात राहवत नाही,” ती म्हणाली.

गिरीश तिचा नवरा. त्याला जाऊन सात वर्षं झाली होती.

“कुठूनही परत येताना वाटतं, गाडी पोचूच नये. दार उघडलं की सगळं मी ठेवून गेले तसंच असतं. टेबलावरचा पेपरसुद्धा कुणी हलवलेला नसतो. पलंगाची त्याची बाजूही तशीच.”



...

मग तान्हूआई मधल्या कापडापाशी आली. त्यावरून तळवा फिरवला. एकदा, दोनदा. तिच्या कपाळाला आठी पडली.

“ह्यो चुरगळला कसा न्हाई?”

“चुरगळेल कसा? मी चौकटीवर ताणून शिवते. एक सुरकुती पडू देत नाही.”

“वाकळंवर बसली न्हाईस?”



वाकळ शिवणारी बाई वाकळीवरच बसते. मधे बसून आधी कडा शिवते, मग गोल गोल आत येत राहते, आणि तेवढे दिवस मधलं कापड तिच्या अंगाखाली चुरगळतं, मळतं, मऊ होतं. वीस वर्षांपूर्वी यामिनीला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. टाका तिच्या लक्षात राहिला, बसणं राहिलं नाही.

“सात वर्सं,” म्हातारी म्हणाली, “आन् मधी कुनी टेकलंच न्हाई.”

“मळली असती, आई.”

“व्हय. मळली असती.”

...

“नीज,” म्हातारी म्हणाली.

“काय?”

“मधी नीज. माप घ्यायचंय.”

“माप आहे माझ्याकडे. वहीत लिहून...”

“वहीचं न्हाई इचारलं.”

दुपार टळत होती. यामिनी अवघडून आडवी झाली. बरोबर मधोमध, ताठ, उताणी, हात अंगालगत. माप द्यायचं तर नीट द्यायला हवं ना! म्हातारी शेजारी सुई-दोरा घेऊन बसून राहिली. तिला कसलीच घाई दिसत नव्हती. चौफेर बर्फ, मीठ, समुद्र... आणि पाठीखाली शेणाने सारवलेली गार जमीन. आपण दिवसाउजेडी शेवटचं कधी झोपलो होतो, ते यामिनीला आठवेना. ते आठवता आठवताच तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. म्हातारी दाताने दोरा तोडत होती.

यामिनी उठून वाकळीबाहेर आली आणि बघतच राहिली.

ती झोपली असताना तिच्या अंगाच्या कडेकडेने म्हातारीने धावदोरा घातला होता. साधा पांढरा दोरा. पाय पोटाशी घेतलेली, पाठीत वाकलेली एक बाई. टाके कुठं लांब, कुठं आखूड, ऐंशी वर्षांच्या डोळ्यांनी घातलेले. तरी ती यामिनीच होती, दुसरी कुणी नव्हती.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत स्वतःला तिने एकदाही शिवलं नव्हतं.

पण सवय गप्प बसू देईना. तिने डोळे पुसले आणि दोन पावलं मागं जाऊन, मान तिरकी करून पाहिलं.

आकृती मधोमध नव्हती. मांजरपाटाच्या एका अंगाला, पार कडेला गेली होती. दुसरी बाजू मोकळीच होती.

“आई, हे एकीकडे गेलं. इकडं अर्धी जागा रिकामी का ठेवलीत?”

तान्हूआईने सुई डबीत टाकली आणि झाकण लावलं.

“म्या कुटं ठिवली, पोरी? झोपंत तूच सरकलीस.”