पाटी पुढे, रडार मागे

सुरूबंदरच्या दमयंती चोगलेची बोट गेल्या थंडीत, दाट धुक्यात एका जहाजाखाली येता येता वाचली होती. म्हणून मच्छीमार सोसायटीकडून मिळालेलं रडार ती धक्क्याला लागलेल्या बोटीच्या खांबाच्या टोकावर बसवून घेत होती.

तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्ष तात्यासाहेब आपल्या नावाची भलीमोठी लोखंडी पाटी घेऊन आले. "रडार माझ्यामुळे मिळालं. खांबावर पुढे माझी पाटी लागेल, रडार तिच्यामागे! नाहीतर ते दुसऱ्या बोटीला देतो."

दमयंती अदबीने म्हणाली, "लावते की, तात्यासाहेब! फक्त, रडार वाटेतला अडथळा दाखवतं. रोज पडद्यावर पहिला अडथळा म्हणून तुम्हीच दिसाल. चालेल ना?"

धक्क्यावर हशा पिकला. तात्यासाहेबांनाही हसू आवरेना. "वर रडारच राहू दे," म्हणत त्यांनी पाटी काखोटीला मारली.