आज पाणी किती?

फार पूर्वी एका खाडीकाठी नावाड्यांची एक शाळा होती. परीक्षा वर्षातून एकदाच, चैत्रात. त्यामुळे शिष्य वर्षभर मजेत लोळायचे आणि शेवटच्या आठवड्यात घोकंपट्टीचा सपाटा लावायचे. पास सगळे व्हायचे, नावा मात्र वाळूत रुतायच्या! वैतागून राजा म्हणाला, "यंदा एक जरी नाव रुतली, तर शाळा बंद."

गावाने मग एका म्हाताऱ्या, दर्यावर मुरलेल्या तांडेलाला शिकवायला आणलं. पहिल्याच सकाळी त्याने होडीपाशी सगळ्यांना अडवलं.

"आज पाणी किती? वाळू कुठं सरकली? सांगा आणि चढा."

शिष्य हसू लागले. "तांडेलकाका, परीक्षा चैत्रात असते!"

"असं होय? वाळूला कळवलंय का कुणी?"

उत्तर चुकलं तर ना छडी, ना ओरडा. त्या दिवशी काठावर बसायचं आणि उद्या पुन्हा तेच प्रश्न. कुरकुर खूप झाली. एक झोपाळू मुलगी तर सलग नऊ दिवस काठावर बसली. दहाव्या दिवशी तिला स्वतःचाच राग आला. उजाडताच ती बांबू घेऊन पाण्यात उतरली आणि मापून आली. उत्तर बरोबर निघालं, तेव्हा होडी बापाचीच असल्यासारखी ती ऐटीत चढली. मग तिला रोजची सवयच लागली, आणि तिचं बघून इतरांनाही.

चैत्रात राजा जहाजातून आला. खाडीच्या तोंडाशी दाट धुकं होतं. त्याने नेमकं त्याच मुलीला जहाजावर बोलावलं. "ने आत. हीच परीक्षा."

राजाचा सुकाणूदार म्हणाला, "पोरी, डावीकडून घे. गेल्या चैत्रात मी तिथूनच आलो होतो."

चुकलं तर शाळाच बुडणार होती. पण तिचा सकाळचा बांबू अजून ओला होता.

"नाही काका. परवा वाळू सरकली. उजवीकडून घ्या."

जहाज उजवीकडून डौलात आत आलं. धुकं विरलं आणि बघतात तर काय, डावीकडे घोटाभर पाण्यात बगळे उभे! काठावर एकच जल्लोष झाला.

राजाने विचारलं, "किती दिवस अभ्यास केलास?"

"आज सकाळी केला, महाराज. काल सकाळी केला. परवा सकाळी..."

"पुरे, पुरे!" राजा खळखळून हसला. "शाळा चालू राहील."

सुकाणूदार मात्र तांडेलापुढे हात जोडून उभा होता. "उद्या सकाळी मलाही विचाराल का?"

तात्पर्य: रोज थोडी परीक्षा देणाऱ्याला मोठी परीक्षाही रोजचीच वाटते.