रिकिल्डाने वल्ही सोडली

युरोपातल्या फ्रँक लोकांच्या मुलखात बाप गेला की राज्यसुद्धा मुलांमध्ये शेतासारखं वाटून घेत, त्या काळातली ही गोष्ट. एका राजाच्या मागे दोन मुलगे उरले. वाटणीत म्यूझ नदी सीमा ठरली. अलीकडचा काठ थोरल्या रागनोल्डचा, पलीकडचा धाकट्या हाडेरिकचा.

नदीवर रिकिल्डा नावाची विधवा होडी चालवायची. तिचा एक मुलगा अलीकडे राहायचा, दुसरा लग्न करून पलीकडे गेलेला. पुढे राजांमध्ये वैर पेटलं, तेव्हा त्यांनी तिच्या दोन्ही मुलांना आपापल्या फौजेत ओढून नेलं. रिकिल्डा मात्र दोन्ही काठांची माणसं पोचवत राहिली.

रागनोल्डला मूल नव्हतं. धाकट्याशी सलोखा करावा असं त्याच्या मनात आलं, पण दुसऱ्याच्या काठावर पाय ठेवायला दोघांपैकी कोणीच धजेना. म्हणून भेट नदीत ठरली, रिकिल्डाच्या होडीत. दोघांचे केस राजेपणाची खूण म्हणून लांब राखलेले, कमरेला तलवारी. दोन्ही काठांवर फौजा उभ्या. त्यांत आपले मुलगे तिला दिसत होते.

"तुझ्यामागे तुझं राज्य माझं, हे आत्ता सगळ्यांसमोर बोल," हाडेरिक म्हणाला.

"म्हणजे उद्याच माझ्या ताटात विष!"

दोघांचे हात तलवारींकडे गेले. तशी रिकिल्डाने दोन्ही वल्ही पाण्यात सोडून दिली.

"काय केलंस हे, म्हातारे!"

"पुढे खडक आहेत, महाराज. हातांनी पाणी मारलंत तर वाचू. पण दोघांनी दोन बाजूंनी मारा, नाहीतर होडी नुसती गरगर फिरेल."

तलवारी टाकून राजे ओणवे झाले आणि दोन बाजूंनी पाणी मारू लागले. तेवढ्यापुरती नदी थांबली, असं म्हणतात. ती उलटी वाहिली, असंही म्हणतात.

काठाला लागल्यावर रागनोल्डने आपल्या केसांची बट कापून भावाच्या हातात ठेवली.

"माझ्यामागे तूच. फक्त मी मरेपर्यंत धीर धर."

फौजा बरखास्त झाल्या, दोन्ही मुलगे घरी आले. काय हवं ते माग, असं राजे म्हणाले, तेव्हा रिकिल्डाने नवी वल्ही मागितली.

अजूनही त्या नदीकाठी वाटणीवरून भाऊ भांडले की त्यांना होडीत बसवून मधोमध नेतात, आणि नावाडी रिकिल्डाचं नाव घेऊन वल्ही सोडून देतो. काही जण भिजून परततात आणि पुन्हा भांडतात, असं म्हणतात. पण कोणत्या काठाला लागायचं, एवढं तरी त्यांना आपसात ठरवावंच लागतं.