माईकवर वाचलेली ओळ

आमच्या पाळणाघरात कॅमेरे लावणारे साहेब पालकसभेत छाती फुगवून म्हणाले, "कॅमेरे घरून बघायचं आमचं ॲप म्हणजे तिजोरी! त्याचा सगळा कोड आम्ही नेटवर उघडा ठेवलाय. लपवण्यासारखं काही नाहीच."

माझ्यासोबत आलेली माझी नणंद आश्लेषा असले कोड तपासायचंच काम करते. मोबाईल चाळत ती उठली. "मग त्या कोडमधली एक ओळ माईकवर वाचू का, साहेब?"

"खुशाल वाचा, ताई!"

"कॅमेऱ्यांचा पासवर्ड आहे..."

"अहो, थांबा!" साहेबांनी माईकच हिसकावला. "सगळ्यांना कळेल ना!"

माझं बाळ आत त्यांतल्याच एका कॅमेऱ्याखाली झोपलं होतं.

आश्लेषा म्हणाली, "जगाला उघडं ठेवलंत, साहेब, आणि आईबापांपासूनच लपवता?"

साहेब स्टुलावर चढले आणि एकेका कॅमेऱ्याची वायर काढू लागले.