मॅन्युअलचं पहिलं पान

छपरांचे आराखडे करणारं ते सॉफ्टवेअर मोफत आणि सर्वांना खुलं होतं. फक्त त्यात भार न्यूटनमध्ये भरायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एका गावात कुणीतरी किलोचे आकडे भरले आणि भार जवळजवळ दहापट कमी धरला गेला. छप्पर कोसळलं, दोन गवंडी गेले.

मॅन्युअल लिहिणाऱ्या सरोजला तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हतं. मॅन्युअल सुधारण्याच्या बैठकीत प्रकल्पप्रमुख डॉ. केळुसकर म्हणाले, "आधी माझं मनोगत, मग इतिहास. ते न्यूटनचं शेवटी परिशिष्टात टाका."

सरोजने भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "सर, यावर कारखानदाराचं मनोगत दिसत नाही."

"आग लागल्यावर मनोगत कोण वाचतं?" केळुसकर खेकसले. "पिन कशी ओढायची, तेवढं पुरे."

"आपली आग लागून गेली, सर," सरोज म्हणाली. "दोन गवंडी त्यात गेलेसुद्धा."

केळुसकरांनी मनोगताचे कागद मागे ओढले.